मातीच्या थराखालचा मिथेन
जुन्या कचराभूमीवर मातीचा जाड थर घालून झाडे लावली की काम संपते, हे मत मला अर्धेच पटते. थरामुळे पाणी मुरणे कमी होऊन भूजलात उतरणारे काळपट, उग्र वासाचे झिरपपाणी घटते, हे खरे. परंतु कुजणाऱ्या कचऱ्यातील मिथेन या ज्वलनशील वायूची वरची वाट बंद झाली, की तो आडवा सरकत शेजारच्या तळघरांत शिरू शकतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांदरम्यान असेल तर एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

म्हणून केवळ मातीचे नमुने न घेता हद्दीलगत छिद्रे पाडलेल्या नळ्या पुरून वायू मोजावा, आणि तोही हवेचा दाब उतरत असताना, कारण तेव्हा तो जमिनीतून अधिक बाहेर पडतो. चढत्या दाबाच्या एखाद्या दिवशी शून्य आकडा आला म्हणून जागा सुरक्षित ठरवणे मला फार धोक्याचे वाटते.