मदत हवी आहे : गुडघा दुखतो, पण धावणे सोडवत नाही

नमस्कार. आई गेल्यानंतर माझी झोपच उडाली होती, तेव्हा पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पहाटे धावू लागले आणि त्यानेच मला सावरले. मात्र सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी उताराचा सराव वाढवल्यापासून जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. सूज अजिबात नाही. डॉक्टरांनी धावणे कायमचे बंद करायला सांगितले आहे. २०१७ मधील एका संशोधन-आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर न धावणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळले होते, त्यामुळे हा सल्ला मनाला पटत नाही. मांडीचे स्नायू बळकट करून असे दुखणे कोणी आटोक्यात आणले आहे का, किती आठवडे लागले, आणि धावणे थांबलेल्या त्या काळात मन कसे सांभाळले?