प्रतिसाद: कॅम्बायसिसचा न्याय

वर एकांनी म्हटलंय की चित्रकार जेरार्ड डेव्हिडचं ‘कॅम्बायसिसचा न्याय’ हे चित्र म्हणजे लाचखोर न्यायाधीशाला दिलेली तंबी, बस्स. तंबी आहेच. 1498 सालचं हे जोडचित्र ब्रूजच्या (आजच्या बेल्जियममधलं शहर) नगरभवनात, न्याय देणाऱ्यांच्या दालनातच लावलेलं होतं. पण त्यात राजाही आहे ना!

डाव्या फलकात मागे, दारात, पैशाची थैली न्यायाधीशाच्या हातात पडतेय. अगदी बारीक, शोधावी लागते. पुढे पर्शियाचा राजा कॅम्बायसिस बोटं मोजत त्या न्यायाधीशाला, सिसामनेसला, त्याचे गुन्हे ऐकवतोय. उजवीकडे त्याला जिवंत सोलतायत. एकाने तर सुरी दातात धरलीय, दोन्ही हात त्याचा पाय सोलण्यात गुंतलेले! भोवतीचे लोक मात्र सभेला आल्यासारखे थंड. मागे त्याच कातड्याने मढवलेल्या आसनावर त्याचाच मुलगा ओटानेस न्यायाला बसलाय. कथा प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची, कपडे मात्र बरेचसे ब्रूजचेच.

दहाच वर्षांपूर्वी, 1488 मध्ये, याच शहराने आपल्या राज्यकर्त्याला, हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनला, कैदेत टाकलं होतं. म्हणून मला चित्रातला हा राजा निव्वळ न्यायप्रिय वाटत नाही. तक्रारदार, साक्षीदार, न्यायाधीश, सगळं तोच. त्याला जाब विचारणारा या चित्रात कोण आहे?