उत्तर: हासिदी पंथ आणि रोजचं जगणं

हासिदी हा ज्यू धर्मातला एक भक्तिपंथ. काही जण म्हणतात की त्याच्या संस्थापकाने, बाल शेम तोवने, रोजचं काम हीच पूजा करून टाकली, मग मधे गुरू वगैरे काही लागतच नाही. पहिलं अर्धं मान्य. सृष्टीत सगळीकडे देवाच्या तेजाच्या ठिणग्या अडकल्यात आणि त्या सोडवून परत वर, देवाकडे न्यायच्या ही कल्पना १६व्या शतकात सफेद नावाच्या गावातल्या इसहाक लुरिया या ज्यू गूढवाद्याची, हासिदी लोकांनी ती ताटात, बाजारात, गप्पांत आणली. बायबलमधला हनोख चांभार होता आणि प्रत्येक टाक्याला वरचं जग खालच्या जगाशी शिवायचा, ही जुनी कथा त्यांना भारी प्रिय. पण नुसते जोडे शिवून भागत नाही हां, टाका मारताना मन देवाकडे पाहिजे, खरी मेख तिथेच आहे.

आणि गुरू लागत नाही हे तर अजिबातच नाही पटलं. शुक्रवारी रात्री रेब्बेच्या (हासिदी गुरूच्या) पंगतीला, म्हणजे तिशला, काय चालतं बघा. रेब्बे ताटातले दोनचार घास खातो आणि उरलेलं, त्याला शिरायिम म्हणतात, हातोहात पुढे जातं, मोठमोठी दाढीवाली माणसं एका तुकड्यासाठी अक्षरशः ढकलाढकली करतात. कारण जेवताना ठिणगी वर नेणं साध्या माणसाला झेपेलच असं नाही, त्सद्दिकला, म्हणजे रेब्बेसारख्या सिद्ध पुरुषाला, जमतं, म्हणून त्याच्या उष्ट्याला एवढा मान. हासिदी पंथावर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ मार्टिन बूबरने रोजचं जगणं पवित्र करण्यावर भर दिला, तर ज्यू गूढवादाचा अभ्यासक गेर्शोम शोलेम म्हणायचा की ठिणगी काढून घेतली की वस्तूचं महत्त्व उरतच नाही, मग जगणं पवित्र झालं कसं? मला शोलेम जास्त पटतो, वाचायला मजा मात्र बूबरची.