पहिल्या आवृत्त्या जमवणं म्हणजे बंडाचा मुडदा कपाटात ठेवणं?

जुनीपानं: काल इथे कुणी लिहिलं, "रँबो, ब्रतों या बंडखोर फ्रेंच कवींच्या पहिल्या आवृत्त्या जमवणारे त्या बंडाचा मुडदा कपाटात ठेवतात. मजकूर फुकट मिळतो, कागदाला लाखो कशाला मोजायचे?" डोकंच फिरलं. रँबोचं 'नरकातला एक ऋतू' १८७३ मध्ये ब्रसेल्सला छापलं, ५०० प्रती. छपाईचे पैसे देता आले नाहीत, गठ्ठे छापखान्यातच पडले. त्यानेच सगळं जाळलं अशी दंतकथा झाली. १९०१ मध्ये ते गठ्ठे शोधले लेऑं लोसो या बेल्जियन वकिलाने. तो संग्राहकच होता!

आडवाटा: मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेणार नाही. लोसोने तो शोध वर्षानुवर्षं दाबून ठेवला, ते बरं वगळलंत. ब्रतोंचा संग्रह २००३ मध्ये पॅरिसला लिलावात फुटला, लोक निषेध करत राहिले.

नीरजा: ब्रतों स्वतः जमवायचा! ज्याक दूसे या फॅशनवाल्याला काय घ्यावं ते तोच सांगायचा, आणि दूसेने ते ग्रंथालय पॅरिस विद्यापीठाला दिलं. माझा राग बाइंडिंगवर आहे. ही पुस्तकं निघायची साध्या कागदी कव्हरात, पानांच्या घड्या न कापलेल्या. मग कुणी श्रीमंत चामड्यात बांधून घेणार, कव्हर फेकणार. पैसे साठवून फ्रेंच कवी अपोलिनेरचा कवितासंग्रह 'आल्कोल' (१९१३) मागवला. विक्रेता म्हणाला 'संपूर्ण'. पिकासोचं चित्र होतं, कव्हर गायब, कडा रंधा मारल्यासारख्या सपाट. रडू आलं.

जिल्दकर: बाइंडिंगला सरसकट नावं ठेवू नका. चांगला कारागीर मूळ कव्हर आतच शिवतो. काकांकडची न बांधलेली प्रत हात लावताच पाठीतून दुभंगली.

नीरजा: मग पुस्तक ठेवायला पेटी करा! कापलेली कड परत येत नाही.

जिल्दकर: पेटीचा खर्च तुम्ही देणार?

आडवाटा: कव्हर, कड, पेटी! कवितेबद्दल चकार शब्द नाही. वाचायचंय की मिरवायचंय?

जुनीपानं: वैयक्तिक येऊ नका. कवी साँद्रार आणि चित्रकार सोनिया दलोने यांची ट्रान्ससायबेरियन कविता (१९१३) म्हणजे दोन मीटर लांब घडीचा कागद, स्टेन्सिलने हाताने भरलेले रंग कवितेच्या शेजारून खाली उतरतात. दीडशे प्रती एकापुढे एक लावून आयफेल टॉवरची उंची गाठायचा बेत होता. ती मोबाइलवर बोटाने सरकवून काय कळणार? तिथे कागद हाच मजकूर आहे.

आडवाटा: त्या एका कवितेपुरतं मान्य, तेवढंच. पण तिजोरीत कोंडणाऱ्यांना लोसोच्या पंगतीत बसवू नका. त्याने उशिरा का होईना, प्रती मित्रांना वाटल्या.