सुका कचरा कुणाचा? कचरावेचक बायकांचा की ठेकेदाराचा?

पेठेतला: आमच्या ग्रुपवर परत तोच वाद, पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या बायका बंद करा आणि सगळं काम एका ठेकेदाराला द्या. माझा ठाम विरोध आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, बाबा आढाव अध्यक्ष होते, त्यातूनच पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ला मनपाशी करार झाला. मालक स्वतः कचरावेचक, बहुतेक बायकाच. त्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं, घरटी महिन्याचे पैसे आणि सुका कचरा विकून मिळणारे. ठेकेदार आला की पुठ्ठा, बाटल्या त्याच्या गाडीत जाणार आणि ह्याच बायका त्याच्याकडे रोजंदारीवर.

सिंहगडरोड: पटत नाही. प्रॉपर्टी टॅक्स भरतो, वर दर महिन्याला पैसे कशाला? आणि मुळात माणसाने हाताने दुसऱ्याचा कचरा निवडायचा हे काम टिकवायचंच का? आईनंतर मुलगीही तेच करणार का? मशीन आणा, बायकांना दुसरं शिकवा.

पेठेतला: मशीन आणा ना, पण मालकी त्यांची ठेवा. पैसे घ्यायची तरतूद २०१६च्या घनकचरा नियमांतच झाली, कचरावेचकांना सामावून घ्या हेही त्यातच लिहिलं होतं. आणि दुसरं काम म्हणजे कोणतं, पन्नाशीच्या बाईला, शाळा न पाहिलेल्या, कोण देणार?

बाणेरची: मी रोज बघते, खालच्या शेडमध्ये ताई बसून दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी करतात, आणि मधूनच कुणाचं तरी सॅनिटरी पॅड नुसतंच गुंडाळून टाकलेलं हातात येतं, कारण आपल्याला कागदात बांधून वर ओळखू येईल असा लाल ठिपका काढायचा कंटाळा. हाताने निवडणं वाईट वाटतं ना, मग आधी आपल्या घरात निवडा.

सिंहगडरोड: लाल ठिपक्याचं मान्य, ते उद्यापासून घरात सुरू करतो. पण ग्लोव्हज, बूट, आजारी पडल्यावर पगार, हे कोण बघणार? मालक म्हणता, मग मालकाला एक दिवस सुट्टी घेतली तर पैसे बुडतात, ही कसली मालकी?

पेठेतला: हा प्रश्न शंभर टक्के खरा आहे, आणि तो मनपाला विचारायचा. शहराचं काम करतात, ट्रकचा डिझेलखर्च वाचवतात, तर विमा आणि हातमोजे शहरानेच द्यायचे. त्यासाठी करार मोडायची गरज नाही, करारात लिहून घ्यायची आहे.