दारफाळणीचा उपास आणि ‘सर्वांना क्षमस्व’चा मेसेज

ओसरी: इथेच कुणीतरी लिहिलंय: “योम किप्पुर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे पंचवीस तास उपाशी राहा, वर्षाचं पाप धुतलं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर दारफाळणीला, म्हणजे त्यांच्या योम किप्पुरला, दारं लावून बसायचे. शेजाऱ्याशी बोलायचं नाही, मग त्यात नीती कसली?” हे वाचून गप्प बसवेना. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमग्रंथाच्या योमा प्रकरणात साफ म्हटलंय की देवाचे अपराध या दिवसाने मिटतात, माणसाचे मिटत नाहीत. ज्याला दुखावलं त्याची समजूत आधी घालायची. रामबाम, म्हणजे धर्मपंडित मायमोनिडीस, याने बाराव्या शतकात त्याची रीतच लावून दिली. पैसे खाल्ले असतील तर परत करा, आणि परत केले तरी माफी वेगळी मागा. ऐकलं नाही तर त्याचे तीन स्नेही घेऊन जा. असं तीनदा. तरी नाही म्हणाला तर सोडा, दोष त्याच्या माथी. गुरूला दुखावलं असेल तर मात्र हजारदा जा. माणूस वारला असेल तर दहा जणांना कबरीपाशी नेऊन त्यांच्यादेखत अपराध बोलायचा, देणं वारसांना द्यायचं. दारं लागायच्या आधी हे सगळं उरकायचं असतं.

तेलघाणा: पुस्तकात काहीही असेल. आज होतं काय? आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ‘कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमस्व’, दोनशे जणांना एकदम. आपल्याकडच्या ‘मिच्छामि दुक्कडम्’ फॉरवर्डांसारखंच.

ओसरी: तो मेसेज पुरत नाही, हेच तर सांगतेय. अपराधाचं नाव घ्यावं लागतं.

तेलघाणा: मग प्रार्थनेत ‘अशाम्नू, बागाद्नू’ का? ‘आम्ही’ चुकलो, ‘आम्ही’ दगा दिला. त्या एका सणात दहादा कबुली, आणि प्रत्येक वेळी अनेकवचन. ‘मी’ कुठेय?

उंबरठा: देवापुढची कबुली समाजाची आहे, म्हणून अनेकवचन. शेजाऱ्यापुढची एकट्याची. दोन्हींची गल्लत करून वाद जिंकता येत नाही. पण ओसरीताई, ‘नाव घ्यावं लागतं’ हेही अर्धंच. ज्यू आचारनियमांवरचं भाष्य मिश्ना ब्रुराच म्हणतं की तपशिलाने समोरचा ओशाळणार असेल तर तपशील नको. चहाडी केलीत आणि त्याला पत्ताच नाही, तर? त्याच भाष्याचे लेखक रब्बी हाफेत्स हायीम म्हणतात सांगा, माफी मागा. दुसरे रब्बी यिस्राएल सलांतर म्हणतात नका सांगू, नव्याने जखम करायचा अधिकार तुम्हाला नाही.

ओसरी: सलांतरांच्या आडून लोक पळवाट काढतात! ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणायचं आणि स्वतः सुटायचं.

उंबरठा: पळवाट? ज्याच्याबद्दल वाईट बोललं गेलं त्याची झोप उडवून स्वतःचं मन हलकं करायचं, ते काय मग? तो माणूस तुमच्या उपासाचं साधन नाही.

तेलघाणा: आणि खोटी बदनामी केली असेल तर? रमा, म्हणजे क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस, म्हणतात अशाला माफ करायची सक्ती नाही. ते तीनदा जाणं तिथे फुकट.

ओसरी: फुकट नाही. सक्ती त्याच्यावर नाही, तुमच्यावर आहेच. ज्या ज्या माणसाच्या कानावर खोटं घातलं, त्याच्याकडे जाऊन ते खोडायचं. चहाडीचंही तेच. समोरच्याला सांगायचं नसेल तर नका सांगू, एवढं उंबरठा यांचं मान्य. पण ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे जाण्यातून सुटका नाही.

उंबरठा: हे आधी म्हणाला असतात तर इतकं लांबलं नसतं.

तेलघाणा: ठीक, उपासाने शेजाऱ्याचं पाप धुतलं जात नाही, एवढं पटलं. पण दारं लावण्याचं उत्तर अजून नाही मिळालं.

उंबरठा: दुसऱ्या दिवशी शिळा सण असे. गरिबांना दान आणि एकमेकांकडे जाणं, असा तो दिवस. दारं एकाच दिवसाची होती.

तेलघाणा: दान दिल्याने कुणाची उधारी फिटत नाही. ती दारफाळणीच्या आधी फिटायला हवी, हे तुमच्याच रामबामचं.

ओसरी: हो, आणि ती फेडताना ग्रुपवर मेसेज टाकायची गरज नसते.