हजार पौंडांचा आल्फ कॉमन: बदली, हस्तांतर की विक्री?

प्रश्न: आल्फ कॉमन या इंग्लिश फुटबॉलमधल्या आघाडीवीराच्या कारकिर्दीवर टिपण लिहीत आहे. फेब्रुवारी १९०५मध्ये मिडल्सब्रो या क्लबने संडरलंड या क्लबला हजार पौंड देऊन त्याला घेतले. एका खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजण्याची ती पहिलीच वेळ होती. या 'ट्रान्सफर'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा? तसेच तो 'इनसाइड राइट' या जागी खेळत असे, त्याला काय म्हणावे?

प्रतिसाद १: 'बदली' टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी नोकराची बदली होते तेव्हा त्याचा मालक तोच राहतो. येथे तर मालकच बदलला. शिवाय आपल्या क्रीडापानांवर 'बदली खेळाडू' म्हणजे सामन्याच्या मध्येच दुसऱ्याच्या जागी उतरणारा, आणि इंग्लिश लीगमध्ये तशी मुभा १९६५पर्यंत नव्हतीच, त्यामुळे कॉमनच्या काळाविषयी वाचताना तर हा शब्द हमखास गोंधळ घालेल.

'हस्तांतर' मात्र वस्तुस्थितीला धरून आहे. त्या काळी खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे आणि कराराची मुदत संपली तरी क्लबने मोकळे केल्याशिवाय त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. म्हणजे जे एका क्लबकडून दुसऱ्याकडे जात होते ते त्या नोंदणीवरचे हक्क होते. म्हणून 'कॉमनला हजार पौंड मिळाले' असे चुकूनही लिहू नये. ती रक्कम संडरलंडला मिळाली. खेळाडूच्या वेतनावर १९०१पासून आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा होती. शेफील्ड युनायटेडबरोबर १९०२चा एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकलेल्या, त्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात गोल केलेल्या माणसाची ही स्थिती होती, हे टिपणात यायलाच हवे.

प्रतिसाद २: 'हस्तांतर' अचूक आहे, पण जमिनीच्या कागदपत्रांची आठवण करून देतो. नियम समजावताना 'नोंदणीचे हस्तांतर' म्हणावे. एरवी 'मिडल्सब्रोने हजार पौंड मोजून कॉमनला आपल्याकडे घेतले' हे सरळ मराठी पुरेसे आहे. 'विक्री' हा शब्द टीकाकारांच्या तोंडी ठेवावा, कारण माणसांचा बाजार मांडला आहे, असा आक्षेप तेव्हा खरोखरच घेतला गेला. पुढे १९०८मध्ये या रकमांवर ३५० पौंडांची मर्यादा घालण्यात आली, पण ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली.

मोजलेल्या पैशाचे चीज झाले का, हेही लिहावे. पदावनतीच्या, म्हणजे खालच्या विभागात घसरण्याच्या, छायेतल्या मिडल्सब्रोसाठी कॉमनने पहिल्याच सामन्यात, तोही शेफील्ड युनायटेड या आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर, पेनल्टीवर विजयी गोल केला. मिडल्सब्रोने परक्या मैदानावर जवळपास दोन वर्षांनी मिळवलेला तो पहिला विजय होता, आणि त्या हंगामात क्लब पहिल्या विभागात टिकला.

'इनसाइड राइट' तसाच ठेवावा. तेव्हा पाच आघाडीवीर एका ओळीत खेळत. मधला सेंटर फॉरवर्ड आणि उजव्या कडेचा विंगर यांच्यामधली ही जागा, एवढा खुलासा पहिल्या उल्लेखापाशी केला की पुरे. 'उजवा आतला आघाडीवीर' अशी जुळवाजुळव वाचकाला मैदानावरची जागा दाखवत नाही.